प्रेफरेबल म्हणजे नक्की काय, आणि ते वाक्यात कसं बसवायचं

नाशिकमध्ये शालिमारला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत गिऱ्हाइकांनी मला जो इंग्रजी शब्द सगळ्यात जास्त वेळा विचारला असेल तो म्हणजे प्रेफरेबल. कंपल्सरी सगळ्यांना कळतं, ऑप्शनल पण कळतं, पण हे मधलं जे आहे ना, तिथे माणूस अडतो, आणि अडला की विचारत नाही, स्वतःच काहीतरी अर्थ लावतो आणि निघून जातो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दिंडोरीकडचा एक मुलगा आला, आयटीआय फिटर झालेला, मोबाईल पुढे केला. अंबडच्या एका कंपनीची जाहिरात होती, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून फोटो पार पुसट झालेला. शेवटच्या ओळीत लिहिलेलं ‘ओन टू-व्हीलर प्रेफरेबल’. मुलगा म्हणाला, “ताई, गाडी पाहिजे म्हणतायत, माझ्याकडे नाही. फॉर्म राहू द्या, नुसतं आधारचं झेरॉक्स द्या.” दुकानात गर्दी होती, मी पण दोन कॉप्या काढून दिल्या, चार रुपये घेतले, तो गेला. महिन्याभराने त्याच्याच गावचा दुसरा पोरगा त्याच कंपनीचं जॉइनिंग लेटर लॅमिनेशनला घेऊन आला. गाडी त्याच्याकडेही नव्हती, कंपनीची बस त्र्यंबक नाक्यावरून घेऊन जाते म्हणाला. ते लेटर मशीनमधून बाहेर येईपर्यंत मला त्या पहिल्या पोराचा चेहरा दिसत होता. तेव्हापासून ठरवलंय, गर्दी असो नसो, हा शब्द ज्याला अडला त्याला स्टुलावर बसवून दोन मिनिटं सांगायचं. तेच इथे जरा सविस्तर लिहितेय.

पायरी १: आधी मराठीत समजून घ्या

डिक्शनरीत बघाल तर ‘अधिक पसंत करण्याजोगा’, ‘श्रेयस्कर’ असलं काहीतरी सापडेल. अर्थ बरोबर आहे पण श्रेयस्कर हा शब्द शेवटचा कधी बोललात तुम्ही? मी तर कधीच नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात प्रेफरेबलच्या सगळ्यात जवळचा शब्द आहे साधा सरळ ‘बरं’. त्यापेक्षा हे बरं. गाडी असली तर बरं. सकाळी निघालेलं बरं. बस, एवढंच आहे ते.

आणि यात एक गंमत आहे जी पुस्तकात कोणी नीट सांगत नाही. प्रेफरेबल म्हणजे चांगलं असं नाही! दोन्ही गोष्टी वाईट असू शकतात, त्यातली एक कमी वाईट, ती प्रेफरेबल. आपल्याकडे म्हण आहेच, दगडापेक्षा वीट मऊ. वीट काही उशीसारखी मऊ नसते, पण डोक्याखाली दगड की वीट असं विचारलं तर वीट बरी. किंवा नाही मामापेक्षा काणा मामा बरा. या दोन म्हणी ज्याला कळल्या त्याला हा शब्द कळला. जेव्हा जेव्हा प्रेफरेबल वाचाल तेव्हा मनात विचारायचं, कशापेक्षा? कारण समोर दुसरी गोष्ट असल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही, कधी ती लिहिलेली असते, कधी न लिहिता गृहीत धरलेली असते. ‘टू-व्हीलर प्रेफरेबल’ यात न लिहिलेली गोष्ट ही की गाडी नसलेल्यापेक्षा गाडीवाला बरा. पण नसलेला चालणारच नाही असं कुठे म्हटलंय?

मूळ शब्द लॅटिन आहे. प्राय म्हणजे पुढे आणि फेरे म्हणजे वाहून नेणं, म्हणजे एक गोष्ट उचलून दुसरीच्या पुढे आणून ठेवायची. ट्रान्सफर, रेफर, डिफर यातलं फर पण तेच. इंग्रजीत हे प्रेफरेबल सतराव्या शतकात फ्रेंचमधून आलं. आणि आपलं ‘पसंत’ तरी कुठे अस्सल मराठी आहे, फारसीतून आलेलं. पोरगी पसंत आहे म्हणताना कोणाला आठवतं का ते!

पायरी २: जाहिरातीत दिसलं की काय करायचं

मराठी जाहिरातीत बघा, ‘अनुभवींना प्राधान्य’, ‘स्थानिकांना प्राधान्य’ असं छापलेलं असतं. लग्नाच्या बायोडेटात पण, अपेक्षा या रकान्यात, ‘नाशिक-पुणे स्थायिक असल्यास प्राधान्य’. तिथे आपण बरोबर समजतो की मुंबईचं स्थळ आलं तर दार लावून घेणार नाहीत, चहा-पोहे होतीलच. तोच नियम इंग्रजीत लावायचा. प्रेफरेबल किंवा प्रिफर्ड म्हणजे प्राधान्य.

शब्दांची एक उतरंड लक्षात ठेवली की झालं. सगळ्यात वर मँडेटरी, कंपल्सरी, मस्ट, रिक्वायर्ड, हे नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. सरकारी जाहिरातीत इसेन्शियल क्वालिफिकेशन असतं, ते पण याच घरातलं. त्याखाली डिझायरेबल, म्हणजे असलं तर इष्ट. प्रिफर्ड आणि प्रेफरेबल साधारण त्याच मजल्यावर. आणि तळाला ऑप्शनल, म्हणजे असलं काय नसलं काय. आता एकाच जाहिरातीत ‘नाइट शिफ्ट कंपल्सरी, टू इयर्स एक्सपिरियन्स प्रेफरेबल’ असं असेल तर रात्रपाळीला नाही म्हणायची सोय नाही, पण दीड वर्षाचा अनुभव असला तरी बिनधास्त पाठवा. फ्रेशर असाल तरी पाठवा, जास्तीत जास्त काय होईल, फोन येणार नाही.

हीच गोष्ट मालाच्या बाबतीत. निफाडचे एक द्राक्षवाले दादा येतात माझ्याकडे, मेल टाइप करून घ्यायला. एकदा बायरचा मेल आलेला, त्यात मण्याचा साइज लिहिला होता, ‘मिनिमम १६ एमएम, १८ एमएम प्रेफरेबल’. दादांचा माल होता सतराच्या आसपास. चेहरा उतरलेला, म्हणाले, “ताई, अठरा मागतोय तो, आपलं काही जमत नाही.” मी म्हटलं दादा, कुंपण सोळाला आहे, अठरा ही त्याची हौस आहे. कुंपणाच्या आत आहात ना तुम्ही? मग फोटो पाठवा, साइज खरा लिहा आणि भाव बोला. आता अठराचा भाव सतराला मिळेल असं नाही, ते मी सांगितलंच त्यांना, पण दार बंद नव्हतं.

एका ठिकाणी मात्र हा शब्द खोटं बोलतो, ते पण सांगून ठेवते. भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठलीही बघा, ‘फॅमिली प्रिफर्ड’, ‘व्हेजिटेरियन प्रिफर्ड’. बॅचलर पोरं डिक्शनरीचा अर्थ धरून जातात आणि जिन्यातूनच परत येतात. तिथे प्रिफर्ड म्हणजे ओन्ली, फक्त तोंडावर नाही म्हणायला बरं वाटत नाही म्हणून गोड केलेलं. यात शब्दाची चूक नाही, माणसाची आहे. रिक्षाचे पैसे घालवण्याआधी फोन करून सरळ विचारा.

पायरी ३: उच्चार आणि स्पेलिंग

पटकन उरकते. प्रिफर म्हणताना जोर शेवटी येतो, प्रि-फर. पण प्रेफरेबल आणि प्रेफरन्स म्हणताना जोर पहिल्यावर, प्रेफ-रबल, प्रेफ-रन्स. आपण मराठीत सगळी अक्षरं सारख्याच वजनाने बोलतो त्यामुळे आपल्या तोंडून प्रि-फ-रे-बल असं एकेक अक्षर सुटं येतं. ते पण कळतं समोरच्याला, काही आभाळ कोसळत नाही, पण इंटरव्ह्यू असेल तर घरी दहा वेळा प्रेफ-रबल म्हणून बघा.

आणि हा जोर नुसता शोभेचा नाही, स्पेलिंग त्याच्यावरच चालतं. प्रिफर्ड लिहिताना आर दोनदा, पी-आर-ई-एफ-ई-आर-आर-ई-डी, कारण जोर त्या आरच्या अक्षरावर आहे. प्रेफरेबल लिहिताना आर एकदाच, पी-आर-ई-एफ-ई-आर-ए-बी-एल-ई, कारण जोर पुढे पळून गेला. प्रेफरन्समध्ये पण एकच. रेफरचं पण असंच, रिफर्डला दोन आर, रेफरन्सला एक. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात रेझ्युमेत प्रेफरेबलला दोन आर असतात आणि मी गुपचूप एक काढून टाकते.

पायरी ४: देन नाही, टू

आता खरी मेख. ही पायरी हळू वाचा.

आपण मराठीत विचार करतो, बसपेक्षा ट्रेन बरी. ‘पेक्षा’ला इंग्रजीत काय? शाळेत शिकवलेलं असतं, देन. मग आपण लिहितो, ट्रेन इज प्रेफरेबल देन बस. आणि इथेच मार्क जातो. प्रेफरेबलच्या पुढे देन येत नाही, टू येतो. ‘ट्रेन इज प्रेफरेबल टू बस.’ कारण वर सांगितलं तसं, या शब्दाच्या पोटातच ‘पुढे ठेवणं’ आहे, एक वस्तू दुसरीच्या पुढे, म्हणून टू.

एमपीएससी, बँक, एसएससी, कुठलीही परीक्षा द्या, चूक शोधा या प्रश्नात हे हमखास येतं. याची भावंडं पण सोबत पाठ करा, सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर. ही पाचही सरळ लॅटिनमधली तुलनेची रूपं आहेत, यांच्यापुढे पण टूच लागतं. प्रेफरेबल वेगळ्या वाटेने आलंय पण पंगतीला यांच्यासोबतच बसतं. आणि प्रिफर हे क्रियापद पण तसंच, ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. देन नाही.

पण मग प्रिफरसोबत देन कधीच दिसत नाही का? दिसतं, पण एकटं नाही, रादरचा हात धरून. ‘आय प्रिफर टू वॉक रादर देन टेक अ रिक्षा.’ इथे दोन क्रिया आहेत, चालणं आणि रिक्षा करणं, आणि दोनदा टू टू आलं असतं तर वाक्य अडखळलं असतं म्हणून रादर देन.

आपल्याकडची उदाहरणं घेऊन बसू, पाठ व्हायला सोपी जातात. नाशिकहून मुंबईला जायचंय. पंचवटी एक्स्प्रेस आहे, १९७५ पासून धावतेय, अर्धं नाशिक तिच्यावर वाढलंय. रस्त्याने जायचं तर जुना कसारा घाट आहे, नाहीतर समृद्धी, तिचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आता वाक्यं करा.

‘द ट्रेन इज प्रेफरेबल टू द बस.’ वस्तू आणि वस्तू.

‘टेकिंग द ट्रेन इज प्रेफरेबल टू ड्रायव्हिंग थ्रू द घाट.’ क्रिया आणि क्रिया, आणि नीट बघा, टूच्या पुढे ड्राइव्ह नाही, ड्रायव्हिंग आलंय. इथलं टू हे ‘टू गो, टू ईट’मधलं टू नाही, ते ‘पेक्षा’चं टू आहे, त्याच्यापुढे नाम लागतं किंवा आयएनजी. हे फार लोकांचं चुकतं, चांगल्या शिकलेल्यांचं सुद्धा.

‘इन हेवी रेन, द एक्स्प्रेसवे इज प्रेफरेबल टू द ओल्ड रोड.’

पायरी ५: इट इज प्रेफरेबल टू...

वरचं वाचून आता तुम्ही म्हणाल की मग ‘इट इज प्रेफरेबल टू बुक इन अ‍ॅडव्हान्स’ हे चूक का? नाही, हे बरोबर आहे. हे टू वेगळं. इथे अर्थ होतो, आधीच बुकिंग केलेलं बरं. ‘इट इज प्रेफरेबल’ने वाक्य सुरू झालं की पुढचं टू हे क्रियापदाचं टू, म्हणून बुक, कॉल, रीच अशी साधी रूपं. दोन टू दिसायला जुळी भावंडं, स्वभाव वेगळे. ओळखायची खूण अशी की वाक्याच्या सुरुवातीला प्रत्यक्ष वस्तू किंवा क्रिया आहे की नुसतं इट आहे ते बघा. नुसतं इट असेल तर बहुतेक वेळा क्रियापदाचं टू.

आणि दोन क्रियांची तुलना याच साच्यात करायची असेल तर परत रादर देन मदतीला येतं. ‘इट इज प्रेफरेबल टू कॉल रादर देन सेंड अ मेसेज.’

पायरी ६: मोर प्रेफरेबल म्हणजे गाईचं गोमूत्र

बरं म्हटल्यावर तुलना आलीच, मग परत मोर कशाला? ‘मोर प्रेफरेबल’ म्हणजे गाईचं गोमूत्र, पिवळं पितांबर. मोस्ट प्रेफरेबल पण त्याच जातीचं. इंग्रजी लोक स्वतः कधीमधी लिहितात, दिसतं ते, पण परीक्षेत चूक धरतात आणि चांगल्या लेखनात कान टोचतो, म्हणून आपण नकोच. फेवरेटचं पण असंच, फेवरेट म्हणजेच सगळ्यात आवडता, त्याला मोस्ट कशाला लावायचं.

पण जोर द्यायचा असेल तर काय करायचं? ‘फार बरं’, ‘कितीतरी बरं’ म्हणायचं असेल? त्याला इंग्रजीत फार, मच, व्हॅस्टली, इन्फिनिटली असे शब्द आहेत. ‘अ विंडो सीट इज फार प्रेफरेबल.’ हे इंग्रजीतलं फार आणि आपलं फार, अर्थ आणि आवाज दोन्ही इतके जुळतात की नवख्यांना हे एक वाक्य मी सगळ्यात आधी शिकवते, लगेच पाठ होतं. दोघांचं काही नातं नाही हां, योगायोग आहे.

पायरी ७: माणूस प्रेफरेबल नसतो

एका पोराने रेझ्युमेत लिहून आणलेलं, ‘आय अ‍ॅम प्रेफरेबल नाइट शिफ्ट’. त्याला म्हणायचं होतं की मला रात्रपाळी आवडेल. पण वाक्य सांगतंय की मी बरा आहे, पुढे रात्रपाळी नुसती येऊन पडलीये. लक्षात ठेवा, आवडणारा माणूस तो प्रिफर करतो, आणि जी गोष्ट बरी ती प्रेफरेबल. ‘आय प्रिफर द नाइट शिफ्ट.’ किंवा ‘द नाइट शिफ्ट इज प्रेफरेबल फॉर मी.’

आणि तिथे फॉर मीच लिहा, टू मी नको. का? एका मुलीने सरावाला वाक्य केलेलं, ‘टी इज प्रेफरेबल टू मी’. आता टू म्हणजे पेक्षा हे आपण वर शिकलो. म्हणजे वाक्याचा अर्थ काय झाला? माझ्यापेक्षा चहा बरा! दुकानात तिच्यासोबत तिची आई होती, ती म्हणाली, बरोबरच लिहिलंय तिने. खरं तर ‘टू मी’ म्हणजे ‘माझ्या मते’ असाही अर्थ निघतो, वाचणारा समजूनही घेईल, पण उगाच हसं कशाला करून घ्यायचं.

प्रिफर्ड आणि प्रेफरेबल यातला फरक पण इथेच सांगते कारण बरेच जण दोन्ही एकच समजतात. जाहिरातीत दोन्ही जवळपास एकाच अर्थाने येतात, ते वर झालं. पण एरवी प्रिफर्ड म्हणजे कोणीतरी निवडून झालेलं, आणि प्रेफरेबल म्हणजे कारणं बघता जे बरं पडेल ते. रेल्वेच्या तिकिटाचं उदाहरण घ्या. बुकिंग करताना बर्थ प्रेफरन्स विचारतात, लोअर, मिडल, अप्पर, साइड लोअर, साइड अप्पर. तुम्हाला लहानपणापासून वरच चढून झोपायला आवडतं, तर अप्पर हा तुमचा प्रिफर्ड बर्थ. कारण द्यायची गरज नाही, आवड आहे. पण आईचे गुडघे दुखतात, तर ‘अ लोअर बर्थ इज प्रेफरेबल फॉर माय मदर’. इथे कारण आहे. म्हणून मेलमध्ये प्रेफरेबल लिहिलं की पुढे बिकॉज लावून एक ओळ लिहावी, समोरच्याला पटतं. आणि प्रेफरन्स टाकला म्हणजे बर्थ मिळालाच असं नाही, हे रेल्वेने आपल्याला या शब्दाचं दिलेलं सगळ्यात उत्तम शिक्षण आहे.

प्रेफरन्स या नामाबद्दल अजून थोडं. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची निवडणूक नाशिक विभागात होते ना, तिथे पहिल्या पसंतीची मतं, दुसऱ्या पसंतीची मतं असं पेपरात वाचता, ते हेच. बॅलटवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. १ लिहिणं गरजेचं, बाकीचे तुमच्या मर्जीवर, आणि टिकमार्क केलं की मत बाद. माझ्याकडे येणारे एक रिटायर्ड सर दर वेळी फॉर्मसोबत हे सगळ्यांना ऐकवतात. अकरावीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम पण तोच प्रकार, तिथे मात्र आईबापांचा जो क्रम असतो तो आणि पोरांचा जो असतो तो, यावरून माझ्या दुकानात भांडणं झालीयेत. प्रेफरन्शियल म्हणजे मात्र वेगळी छटा, प्रेफरन्शियल ट्रीटमेंट म्हणजे एखाद्याला झुकतं माप देणं, हे कौतुकाने नाही, तक्रारीच्या सुरात जास्त वापरतात.

पायरी ८: प्रेफरेबली, म्हणजे शक्यतो

मला विचाराल तर रोजच्या कामात प्रेफरेबलपेक्षा हाच भाऊ जास्त उपयोगी. मराठीत आपण दिवसातून दहा वेळा शक्यतो म्हणतो. शक्यतो सकाळी या. शक्यतो तळमजल्यावर बघा. शक्यतो रोख द्या. याला इंग्रजीत अगदी बेतून शिवल्यासारखा शब्द, प्रेफरेबली. ‘प्लीज कम प्रेफरेबली बिफोर इलेव्हन.’ ‘आय नीड अ रूम, प्रेफरेबली ऑन द ग्राउंड फ्लोअर.’ ज्या गोष्टीला शक्यतो लावायचंय तिच्या बरोबर आधी हा ठेवायचा, इकडेतिकडे भटकू द्यायचा नाही.

मेलमध्ये हा शब्द टाकला की हुकूम केल्यासारखं वाटत नाही. एचआरला लिहायचं असेल की मंगळवारीच इंटरव्ह्यू ठेवा, तर तसं लिहिता येत नाही ना. मग ‘एनी डे नेक्स्ट वीक इज फाइन, प्रेफरेबली ट्यूसडे ऑर वेन्सडे’. आणि समोरच्याची सोय विचारायची असेल तर ‘वुड ट्यूसडे बी प्रेफरेबल?’ यात अदब येते. फक्त मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर असलं लिहू नका, तो विचारेल काय झालं रे तुला. बोलताना इंग्रज लोकसुद्धा बेटर म्हणतात, प्रेफरेबल हा जरा कागदावरचा, इस्त्रीचा शब्द आहे. ट्यूसडे इज बेटर फॉर मी, संपलं.

अ‍ॅडव्हायजेबल नावाचा एक शेजारी आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. त्यात सल्ला असतो, न ऐकल्यास नुकसान तुमचं. गोदावरीला पूर आला की ‘इट इज अ‍ॅडव्हायजेबल टू स्टे अवे फ्रॉम रामकुंड’ म्हणायचं. तिथे प्रेफरेबल म्हणणं म्हणजे पाण्यात उभं राहून आवडनिवड सांगण्यासारखं आहे.

आता करून बघा

खालच्या चार वाक्यांत चुका आहेत. उत्तरं लगेच खाली आहेत, पण हात ठेवून आधी स्वतः करा.

‘माय जॉब इन सातपूर इज प्रेफरेबल देन माय ओल्ड जॉब.’
‘दिस रूट इज मोर प्रेफरेबल.’
‘वेटिंग इज प्रेफरेबल टू गो नाऊ.’
‘आय अ‍ॅम प्रेफरेबल मिसळ टू वडापाव.’

पहिल्यात देनच्या जागी टू. दुसऱ्यात मोर काढा, फारच वाटलं तर फार लावा. तिसऱ्यात गोच्या जागी गोइंग, कारण हे पेक्षावालं टू आहे. चौथ्यात आय प्रिफर मिसळ टू वडापाव, आणि तुम्ही नाशिकचे असाल तर या वाक्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

दिंडोरीचा तो मुलगा परवा परत आला होता, दुसऱ्या एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन, यावेळी सातपूरच्या कंपनीचा. त्यात ‘सीएनसी नॉलेज प्रेफरेबल’ असं होतं आणि सीएनसी त्याला येत नाही. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “ताई, हे असलं तर बरं आहे ना फक्त? मग भरा.” भरला फॉर्म. तुमच्यापैकी कोणाचा अडला असेल तर घेऊन या, शक्यतो दुपारी दोन ते चारच्या मध्ये, तेव्हा गर्दी कमी असते.